अलोहा : टकरींना मुभा देणारे जाळे

१/ मोबाइलच्या मनोऱ्याकडून फोनकडे संदेश धाडणे तुलनेने सोपे. बोलणारा एकच असतो. खरा पेच उलट दिशेचा, म्हणजे अपलिंकचा. शेकडो फोन, एकमेकांचे बोलणे न ऐकता, एकाच मनोऱ्याशी बोलू पाहतात. त्यांचा क्रम कोणी लावायचा? या प्रश्नाचे एक धाडसी उत्तर १९७१ साली हवाई बेटांवर प्रत्यक्षात उतरले. 🧵

२/ हवाई विद्यापीठाचा मुख्य संगणक ओआहू बेटावर, तर विद्यापीठाच्या शाखा अनेक बेटांवर विखुरलेल्या. प्राध्यापक नॉर्मन अब्रॅमसन आणि सहकाऱ्यांनी दूरध्वनीच्या तारांऐवजी रेडिओचा मार्ग धरला. प्रकल्पाचे नाव ‘अलोहा’. निधी अमेरिकी संरक्षण खात्याच्या ‘आर्पा’चा.

३/ प्रत्येकाला स्वतंत्र वारंवारिता किंवा ठरावीक वेळ नेमून देणे, ही तोवरची रूढ पद्धत. परंतु संगणकापुढे बसलेला माणूस एक ओळ टंकतो आणि बराच वेळ विचार करतो. त्याच्यासाठी राखलेली जागा बहुतांशी रिकामीच राहते. म्हणून अब्रॅमसन यांनी केंद्राकडे येणाऱ्या वाहिनीवर क्रमच ठेवला नाही. ज्याला पाठवायचे आहे त्याने तत्काळ पाठवावे. केंद्राकडून पोच आली नाही, तर टक्कर झाली असे समजून थोडे थांबावे व पुन्हा पाठवावे. किती थांबायचे, हे मात्र यदृच्छेवर सोपवलेले. दोघेही सारखेच थांबले, तर पुन्हा आदळणारच!

४/ या स्वातंत्र्याची किंमत मोठी होती. गणिताने दाखवले की, वाहिनीची जास्तीत जास्त १८.४ टक्के क्षमताच कामी येते. पुढे लॅरी रॉबर्ट्स यांनी काळाचे समान तुकडे पाडून, प्रत्येक संदेश तुकड्याच्या आरंभीच सुटावा असा नियम सुचवला. क्षमता दुप्पट, ३६.८ टक्के झाली.

५/ अलोहाचे नाव बहुधा इथरनेटचा पूर्वज म्हणूनच घेतले जाते. हे अपुरे आहे. जीएसएम फोन मनोऱ्याकडे पहिली विनंती करतो, ती रॉबर्ट्स यांच्या याच सुधारित पद्धतीने.

६/ टूजीत काळाचा तुकडा, थ्रीजीत संकेतावली, फोरजीत वारंवारितेचा पट्टा : वाटपाची तत्त्वे बदलत गेली. पण वाटा मिळण्याआधी तो मागावा लागतो आणि त्या पहिल्या मागणीला रांग नसते. भरलेल्या मैदानात ‘रेंज’ पूर्ण दिसूनही फोन लागत नाही, त्याचे एक कारण हेच. अशा वेळी काही फोनांना मागणीच करू नका, असे मनोरा सांगू शकतो.