खिडकी व आज्ञावली, संगणकातील
संगणकाच्या पडद्यावरील ज्या चौकटीत एखादे काम दिसते, तिला खिडकी म्हणतात. ज्या सूचनांनुसार ते काम प्रत्यक्षात होते, त्यांचा संच म्हणजे आज्ञावली. खिडकी बंद केल्यास दृश्य नाहीसे होते; आज्ञावली समाप्त केल्यास काम थांबते व तिने व्यापलेली स्मृती मोकळी होते. या दोन्ही क्रिया एकच असल्याचा समज सर्वत्र आढळतो. त्याचा दोष वापरणाऱ्यांपेक्षा संगणकांच्या रचनेच्या इतिहासाकडे अधिक जातो.

पाहणे व चालणे यांतील हा भेद संगणकाहून जुना आहे. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरल्यावर, विद्युत् प्रवाहामुळे कुलाबा येथील १८४१ पासूनचे चुंबकीय वेध बिघडतील म्हणून रायगड (तत्कालीन कुलाबा) जिल्ह्याच्या किनाऱ्यावर अलिबाग येथे १९०४ मध्ये भूचुंबकीय वेधशाळा सुरू झाली. संचालक नानाभाई मूस यांच्या कारकीर्दीत १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी वेध घेण्यात आले, त्यामुळे जुनी व नवी मालिका जोडता आली. त्या काळच्या पद्धतीत टांगलेल्या चुंबकावरील आरशातून परावर्तित झालेला प्रकाशबिंदू, घड्याळाच्या यंत्रणेने फिरणाऱ्या दंडगोलावरील प्रकाशसंवेदी कागदावर रेषा उमटवी. निरीक्षक अंधाऱ्या खोलीचे दार लावून बाहेर पडला, तरी नोंद चालूच राही. घड्याळ थांबले, तर मात्र तेवढ्या तासांची नोंद कायमची गमावली जाई.

आरंभीच्या संगणकांत एका वेळी एकच आज्ञावली चाले, त्यामुळे असा प्रश्नच नव्हता. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात १९७३ मध्ये आल्टो हा संगणक तयार झाला आणि त्यावर एकमेकींवर येणाऱ्या खिडक्यांची कल्पना विकसित झाली. पुढे तिला दोन वाटा फुटल्या. ॲपलच्या मॅकिंटॉशमध्ये (१९८४) आदेशांची पट्टी पडद्याच्या शिरोभागी असे व ती चालू आज्ञावलीची असे. म्हणून सर्व खिडक्या मिटल्या तरी आज्ञावली शिल्लक राही व तिला समाप्त करण्याचा आदेश वेगळा द्यावा लागे. पहिल्या मॅकिंटॉशची स्मृती अवघी १२८ किलोबाइट होती आणि आज्ञावली चकतीवरून पुन्हा आणण्यास वेळ लागे. तेव्हा एक लेख मिटवून दुसरा उघडताना तीच आज्ञावली टिकणे सोयीचे होते. मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमध्ये (१९८५) आदेशपट्टी त्या त्या खिडकीतच असे. त्यामुळे खिडकी म्हणजेच आज्ञावली, अशी सवय डोळ्यांना लागली. विंडोज ९५ ने उजव्या कोपऱ्यात फुलीचे बटण आणून ही सवय पक्की केली.

वास्तविक ती फुली म्हणजे आज्ञावलीला पाठविलेला केवळ एक निरोप असतो. त्यावर काय करावयाचे, हे ती लिहिणारा ठरवितो : मजकूर जतन करावयाचा का असे विचारावे, स्वतः समाप्त व्हावे, की घड्याळाजवळच्या कोपऱ्यात लहानसे चिन्ह होऊन बसावे. एकाच बटणाचे परिणाम निरनिराळे दिसतात ते यामुळेच. यूनिक्स प्रणालीत तर कित्येक आज्ञावल्यांना खिडकीच नसते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या अशा आज्ञावल्यांना ‘डीमन’ म्हणतात. हे नाव १९६३ च्या सुमारास मॅसॅचूसेट्स तंत्रज्ञान संस्थेत रूढ झाले. उलट, दूरस्थ टंकयंत्राची तार तुटली की त्यावरून सुरू केलेली आज्ञावलीही संपे. हे टाळण्यासाठी यूनिक्समध्ये निराळा आदेश द्यावा लागला.

२००१ च्या मॅक ओएस एक्स प्रणालीत, चालू आज्ञावलीच्या चिन्हाखाली लहान त्रिकोण दिसू लागला. मोबाइल फोनवर हा निर्णय वापरणाऱ्याच्या हातून बराचसा निघून गेला : स्मृती कमी पडली की प्रणाली मागील आज्ञावल्या स्वतःच समाप्त करते. पत्र लिहिणाऱ्याला हे चालते. सतत नोंद घेणाऱ्याला चालत नाही.

अलिबागला आता कागदाच्या जागी अंकीय उपकरणे नोंद घेतात. अशा कोणत्याही केंद्रात नोंद घेणारी आज्ञावली व आलेख दाखविणारी आज्ञावली वेगळ्या ठेवणे इष्ट असते, म्हणजे आलेखाची खिडकी कोणी सहज मिटली तरी मालिकेत खंड पडत नाही.