पिसांचा मासा

एक आकडा, त्यावर कोंबड्याची थोडी लांब पिसं आणि हरणाच्या शेपटीचे केस. एवढ्याशा वस्तूवर १९९१ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने तिकीट काढलं. तिचं नाव ‘लेफ्टीज डिसीव्हर’. लेफ्टीचा फसव्या म्हणा हवं तर.

लेफ्टी क्रे हा मेरीलँडचा गळकरी. १९५०च्या दशकाच्या अखेरीस चेसापीक उपसागरात स्ट्राइप्ड बास धरताना त्याची एकच कटकट होती: दोरी फेकली की फ्लायची लांब पिसं आकड्याभोवती गुंडाळली जायची. अशा गुंत्याकडे मासा ढुंकूनही बघत नाही. लेफ्टीने पिसं आकड्याच्या अगदी मागच्या टोकाला बांधली आणि पुढे केसांची झालर दिली. गुंता सुटला. हवेत ही फ्लाय चिकटून बारीक होते, त्यामुळे लांब जाते. पाण्यात फुलते आणि मासोळीसारखी वळवळते.

आता ज्याला फसवायचं त्याच्याबद्दल. स्ट्राइप्ड बास वाढतो खाऱ्या पाण्यात, पण वसंतात अंडी घालायला नदीत शिरतो. नंतर त्यातले बरेच मोठे मासे किनाऱ्याने उत्तरेला न्यू इंग्लंडकडे निघतात. वाटेत ताटातलं बदलत जातं. वसंतात नदीत हेरिंग. उपसागरात मेनहेडन, आपल्या तारलीच्या नात्यातला, पण अंगाने रुंद. शिवाय बोटाएवढ्या, सडपातळ, चंदेरी सिल्व्हरसाइड. म्हणून फ्लाय निवडताना आधी लांबी बघायची, मग अंगाची रुंदी, रंग त्यानंतर. डिसीव्हर टिकली ती यामुळेच. बांधणी तीच ठेवून ती लांब, आखूड, जाड, बारीक कशीही करता येते.

तरी ती खोल जात नव्हती. १९८०च्या दशकात सस्क्वेहाना नदीवर बॉब क्लाउझरने स्मॉलमाउथ बाससाठी फ्लायला शिशाचे जड डोळे बांधले. ओढ थांबली की ती डोकं खाली घालून बुडते, घाबरलेल्या मासोळीसारखी. आकड्याचं टोक वर राहतं, म्हणून दगडात कमी अडकते. स्ट्राइप्ड बासवाल्यांनीही ती लगेच उचलली.

पण नकला अशा सुधारत होत्या तेव्हा अस्सल मासा संपत चालला होता. अतिमासेमारीने स्ट्राइप्ड बास इतका घटला की १९८५ ते १९९० मेरीलँडने त्याच्या मासेमारीवर पूर्ण बंदी घातली. बंदी फळली, १९९५ साली मासा सावरल्याचं जाहीर झालं. २०१९ मध्ये मात्र पुन्हा तोच निष्कर्ष: उपसा जास्त झाला.

त्याच्या घासाचीही तीच गत. सस्क्वेहानावर १९२८ साली कोनोविंगो धरण उभं राहिलं आणि अंडी घालायला वर जाणाऱ्या शॅड आणि हेरिंगची वाट अडली.

मत्स्यन्याय आपल्याला ठाऊक आहे: मोठा लहानाला खातो. त्याची दुसरी बाजू अशी की लहान नसेल तर मोठाही नाही. डबीतला पिसांचा हेरिंग कितीही हुबेहूब असो, नदीत खरा हेरिंग उरला नाही तर त्याच्या मागे येणार कोण?