गाडी ऑइल का खाते?

नगरला लष्कराचे रणगाडा संग्रहालय आहे. १९९४ साली ते उघडले. शाळेची सहल नेलेल्या गुरुजींनी ते पाहिले असेलच. तिथे रणगाड्यांच्या पंगतीत रोल्स-रॉईसची एक चिलखती मोटारही आहे. मुलं तोफांकडे धावतात, पण तुम्ही पुढच्या खेपेला या मोटारीपाशी जरा थांबा.

तिचे घराणे ‘सिल्व्हर घोस्ट’ या गाडीचे. १९१४ साली महायुद्ध पेटले, तेव्हा याच गाडीच्या सांगाड्यावर पोलादी पत्रे चढवले गेले. जगात उत्तम म्हणून नावाजलेली ही गाडी. पण तीही ऑइल खाई, आणि तशी तजवीज तिच्या कारखान्यानेच केलेली होती! जोर लावून हाकली की सिलिंडरच्या भिंतींना जादा ऑइल मिळे. थोडे जळाले तरी चालेल, पिस्टन कोरडा घासता कामा नये, हा हिशेब.

फोर्डची मॉडेल टी १९०८ ते १९२७ या काळात निघाली. तिला ऑइलचा पंपच नव्हता. फिरते चाक ऑइल उडवी आणि इंजिनभर शिंतोडे पडत. ऑइल मोजायची पट्टीही नव्हती, खाली दोन तोट्या असत. गाडीखाली वाकून वरची उघडायची, मग खालची. खालचीतूनही थेंब आला नाही, तर मात्र घाबरायचं!

गळतीचेही तसेच. सांधे बुचाचे, कागदाचे, नमद्याचे. आजच्यासारखे रबरी सील तेव्हा नव्हते. कित्येक इंजिनांत दांड्यावर आटे पाडलेले असत. दांडा फिरताना ते ऑइल मागे ढकलीत. म्हणजे गाडी पळते तोवर ऑइल आत, आणि उभी राहिली की खाली थेंब. अशा थेंबापायी जो मेस्त्री बुचाचे पॅकिंग करकचून आवळतो, तो ते चिरडतो आणि गळती वाढवतो.

१ जून १९४८ रोजी पुणे-नगर रस्त्यावर पहिली एस. टी. धावली. पुढे मोटार गावोगाव पोचली, तिथे तिची गाठ पडली धुळीशी. हवेबरोबर आत शिरलेली बारीक धूळ रिंगा आणि सिलिंडर घासून काढते. हे मात्र खरे दुखणे.

मग कारखान्याची खोड कोणती आणि दुखणे कोणते, हे ओळखायचे कसे? धूर बघा. काळा धूर म्हणजे इंधन जास्त. निळा म्हणजे ऑइल जळते आहे. जुन्या पेट्रोल गाडीने करंजी घाट उतरताना ॲक्सिलरेटर सोडलेला असतो. तळाशी पुन्हा दाबल्यावर निळा लोट आला, तर संशय व्हॉल्व्हच्या गाइडवर घ्यावा. चढाला सारखाच निळा धूर असेल, तर बहुधा रिंगा गेल्या.

अन् अचानक चहूकडून गळू लागले, तर आधी ब्रीदरची नळी पाहा. रिंगांवाटे थोडा वायू खाली उतरतोच; त्याची वाट चिखलाने, काजळीने बुजली की तो सांध्यांतून ऑइल बाहेर लोटतो. जुन्या जीपवाल्यांनी हे जरूर ध्यानात ठेवावे. कारण इंजिन उतरवण्याचा खर्च थोडाथोडका नसतो, आणि नळी धुवायला वाटीभर डिझेल पुरते. ती धुऊन चार दिवस गाडी चालवून बघा, मग मेस्त्रीला बोलवा.