उघड्या डोळ्यांचा बुद्ध

पाणचक्की मागे टाकून विद्यापीठाच्या रोखाने निघाले, म्हणजे टेकड्यांच्या अलीकडे जो विस्तीर्ण, झाडांनी भरलेला परिसर लागतो, त्याला या शहरात नागसेनवन म्हणतात. आणि खडकी, फतेहनगर, औरंगाबाद व आता छत्रपती संभाजीनगर अशी ज्या शहराची नावे राजवटींबरोबर पालटत आली, त्या शहरात हे एक नाव मात्र ज्या अर्थाने दिले गेले त्याच अर्थाने आजवर टिकून राहिले आहे. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, आणि नागसेन म्हणजे त्याच्या प्रश्नांना उत्तरे देणारा भिक्षू. राजाचे नाव महाविद्यालयाला व भिक्षूचे नाव वनाला देऊन डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, अशा दोघांनाही एकाच आवारात वसवले.

या वनाचा इतिहास सांगायचा झाला की आम्ही काही तारखा मुखोद्गत म्हणतो. जून १९५० मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय येथे सुरू झाले. १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली; ६ डिसेंबर १९५६ रोजी संस्थापकांचे दिल्लीस महापरिनिर्वाण झाले. परंतु याच सहा वर्षांना आणखी एक इतिहास आहे, आणि तो एका मधुमेही शरीराचा आहे. मी साठीच्या दशकात या वनात शिकलो, आणि गेली बावीस वर्षे हाच आजार सांभाळीत आहे. त्यामुळे हे दोन इतिहास एकमेकांपासून सोडवून सांगणे मला जमत नाही.

आजार आपल्या मुलखाला नवा नाही. चरक-सुश्रुतांनी प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले आणि ज्या रोग्याच्या मूत्राकडे मुंग्या धावतात त्याचे लक्षण अचूक टिपून ठेवले. सुश्रुताच्या चिकित्सास्थानात तर एक उपाय असा आहे की तो वाचताना मी दर वेळी थांबतो: ज्याच्यापाशी द्रव्य नाही अशा रोग्याने पादत्राण आणि छत्र टाकून, भिक्षान्नावर राहून, शंभर योजने चालावे, किंवा विहीर खणावी. मलिक अंबराने ज्या कोरड्या शहरासाठी डोंगरातून जमिनीखालून नहर आणली, त्या शहरात बसून हे वाचले म्हणजे वाटते, रोग्याच्या घामातून गावाला पाणी मिळावे असा विचार करणारा वैद्य केवढ्या मनाचा असला पाहिजे! निजामाच्या अमदानीत येथले हकीम या आजाराला जियाबेतुस म्हणत, आमच्या घरात त्याला साखरेचा आजार म्हणत, आणि आज घाटी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत उभी असलेली बाई शेजारणीला एवढेच सांगते, ‘मला शुगर हाय.’

निदान जुने असले तरी इलाज नव्हता. लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ ही मंडालेची वर्षे मधुमेह अंगावर वागवीत, खाण्यापिण्याचे कडक पथ्य पाळीत काढली, आणि तेथेच शिसपेन्सिलीने ‘गीतारहस्य’ लिहून काढले. १ ऑगस्ट १९२० रोजी ते गेले. त्यानंतर वर्ष उलटले नाही तोच कॅनडात टोरंटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी स्वादुपिंडातील द्रव्याच्या शोधास आरंभ केला, आणि जानेवारी १९२२ मध्ये लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला इन्शुलिनची पहिली सुई टोचली गेली. तोवर मधुमेह म्हणजे उपासमार आणि प्रतीक्षा; त्यानंतर मधुमेह म्हणजे रोजचा हिशेब.

हा हिशेब म्हणजे काय, ते मी लहानपणी घरात पाहिले आहे. माझे वडील तहसील कचेरीत पेशकार होते. निजामाची चाकरी करून पुढे १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर नव्या सरकारच्या दप्तरात तेच काम करणाऱ्या पिढीतले. पहाटे उठून ते स्पिरिटचा दिवा लावीत, काचेच्या नळीत पाच घन सेंटीमीटर निळे द्रावण घेत, त्यात लघवीचे आठ थेंब मोजून टाकीत आणि नळी चिमट्यात धरून उकळीत. द्रावण निळेच राहिले तर साखर नाही; हिरवे झाले तर थोडी; मग पिवळे, मग नारिंगी, आणि विटेच्या रंगावर गेले की आईचे तोंड उतरे. कचेरीतून आणलेल्या लांबट, जाड कागदाच्या वहीत वडील तारीख उर्दू आकड्यांत घालीत, कारण आकड्यांची त्यांची सवय तीच होती. आणि तारखेपुढे साखरेचे प्रमाण न लिहिता, नळीत जो रंग दिसला तो रंगीत पेन्सिलीने एका लहानशा चौकोनात भरीत. हिरव्यात पिवळा किती मिसळला, यासाठी ते नळी खिडकीपाशी नेऊन उजेडात धरीत आणि पेन्सिल बदलीत. तो रंग जुळेतो चहा घेत नसत. मग काचेची पिचकारी पातेल्यात उकळायची, आणि माठाच्या गारव्याला ठेवलेली इन्शुलिनची कुपी काढायची. वर्षाअखेर वहीचे पान हिमरूच्या ठाणासारखे दिसे. फक्त दिवाळीचा आठवडा विटकरी. त्या माणसाने आयुष्यात दुसरे कोणतेही चित्र काढल्याचे मला ठाऊक नाही.

१९४८ च्या सुमारास बाबासाहेबांच्या शरीरानेही असाच हिशेब मागायला सुरुवात केली. त्या वर्षी १५ एप्रिलला डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पुढे सविता आंबेडकर, माईसाहेब म्हणून ओळखल्या गेलेल्या या विदुषीने ‘डॉ. आंबेडकरांच्या सहवासात’ या आत्मकथनात त्या काळाची हकीकत सांगितली आहे. पायांच्या वेदना, सुया, पथ्य हे सारे चालू असताना, ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी घटनेचा मसुदा घटना समितीपुढे मांडला आणि पुढचे वर्षभर त्याच्या कलमाकलमाचे समर्थन केले. साखर कमी-जास्त होऊ लागली म्हणजे माणसाचे लक्ष कसे विस्कटते, चार ओळींचा अर्ज लिहितानाही शब्द कसे निसटतात, हे ज्याने सोसले आहे त्याला त्या वर्षाचे मोल निराळे सांगावे लागत नाही. यानंतर विश्रांती घ्यावी असे कोणीही म्हटले असते. त्यांनी मराठवाड्यात महाविद्यालय काढले.

मराठवाडाच का, याची राजकीय व शैक्षणिक कारणे सर्वश्रुत आहेत. हैदराबाद संस्थानातील या पाच जिल्ह्यांत उच्च शिक्षणाची सोय जवळजवळ नव्हतीच. पण या मुलखाशी त्यांची एक जुनी गाठ होती, आणि ती सुखाची नव्हती. १९३४ साली वेरूळ पाहायला निघालेल्या सुमारे तीस सहकाऱ्यांसह ते दौलताबादच्या किल्ल्यापाशी थांबले. प्रवासाची धूळ धुण्यासाठी मंडळींनी दाराजवळच्या हौदावर हातपाय धुतले, आणि पाणी बाटवले असा ओरडा करीत जमाव जमला. दिवस रमजानचे होते. अखेर किल्ल्यात कोठेही पाण्याला हात लावायचा नाही, या अटीवर आणि सशस्त्र शिपायाच्या पहाऱ्यात त्यांना आत सोडण्यात आले. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला, तोही वादविवादाच्या भाषेत न लिहिता आठवणीच्या साध्या भाषेत. तो हौद ज्या रस्त्यावर आहे, त्याच रस्त्याच्या या टोकाला सोळा वर्षांनी त्यांनी आपल्या मुलांसाठी शाळा-महाविद्यालये, वसतिगृहे आणि वन उभे केले. माझ्या दृष्टीने नागसेनवनाची खरी कोनशिला १९३४ साली त्या हौदाच्या काठावरच बसली.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, तिच्याकडे येतो. या अखेरच्या वर्षांत, ग्रंथांचे ढीग अपुरे असताना आणि आयुष्य फार उरलेले नाही याची पुरती जाणीव असताना, बाबासाहेब व्हायोलिन शिकू लागले आणि चित्रकलेचे धडे घेऊ लागले. चरित्रकार हा मजकूर बहुधा छंद म्हणून एका परिच्छेदात आटोपतात. मला तो तसा आटोपता येत नाही. ज्याच्या बोटांत आणि तळव्यांत आजाराने मुंग्या भरवल्या आहेत, त्याने व्हायोलिनच्या चार तारांवर बोटाची नेमकी जागा शोधावी. ज्याची दृष्टी मंदावत चालली आहे, त्याने हातात ब्रश घ्यावा. याला विरंगुळा म्हणणे त्या माणसाला न ओळखणे होय. आयुष्यभर त्यांनी समाजाच्या वतीने लिहिले आणि समाजाच्या वतीने भांडले. त्यांच्या लेखनातला ‘मी’ सुद्धा बहुधा कोट्यवधींचा वकील असे. तारेवरचा सूर मात्र कोणाच्या वतीने लावता येत नाही.

त्यांनी काढलेल्या चित्रांत बुद्धाचे एक चित्र आहे, आणि त्या बुद्धाचे डोळे उघडे आहेत. याचे नवल पुरते कळायचे असेल, तर नागसेनवनातून उत्तरेकडे निघून औरंगाबाद लेण्यांची चढण चढावी. तिसऱ्या लेण्यात जवळजवळ पुरुषभर उंचीचे स्त्री-पुरुष उपासक बुद्धासमोर गुडघे टेकून बसले आहेत. सातव्या लेण्यात नृत्य करणारी एक स्त्री आणि तिच्या भोवती वाद्ये घेतलेल्या सहाजणी आहेत, आणि अंधारात डोळे सरावले की त्या दगडातून ठेका ऐकू येईल असे वाटते. पण गाभाऱ्यातला बुद्ध पापण्या अर्ध्या मिटून आत पाहतो आहे. त्याला बाहेरचे काही विचारण्याची सोय नाही. बाबासाहेबांनी वेरूळ आणि ही सारी शिल्पपरंपरा पाहिलेली होती. तिचा आदर राखून त्यांनी आपल्या कागदावर तिच्याहून निराळी एकच रेषा ओढली, आणि पापणी वर उचलली. हा बुद्ध चालतो, आणि ज्याला चालायचे आहे त्याला वाटेवरचे दुःख दिसलेच पाहिजे. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात शेकडो पृष्ठांत जे मांडले, ते या दोन डोळ्यांत आहे. मला मात्र त्या चित्रात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती बहुधा मधुमेह्यालाच दिसेल. स्वतःच्या डोळ्यांपुढे धुके दाटत असताना त्या हाताने दुसऱ्याचे डोळे उघडे काढले.

नागसेनवनाने हा वारसा फार लवकर उचलला. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी ‘युगयात्रा’ हे नाटक लिहिले आणि मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी ते बाबासाहेबांच्या हयातीतच रंगभूमीवर आणले. पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीस प्राचार्य म. ना. वानखडे, डॉ. गंगाधर पानतावणे प्रभृतींच्या पुढाकाराने ‘अस्मिता’ नियतकालिक निघाले, तेच पुढे ‘अस्मितादर्श’ झाले, आणि दलित साहित्याला आपले व्यासपीठ मिळाले. आमच्या वेळी वसतिगृहाच्या ओसरीवर कंदिलाच्या उजेडात कविता वाचल्या जात. वाचणाऱ्याचा आवाज पहिल्या दोन ओळी कापे आणि मग सावरे. ‘मी’ हा शब्द तोवर त्याच्या घराण्यात कागदावर कोणी लिहिलेला नव्हता. याच वनात शिकलेल्या प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’ १९७९ साली आले, तेव्हा पोरक्या मुलाच्या भुकेचा तो वृत्तान्त इतक्या शांत आवाजात सांगितलेला पाहून महाराष्ट्र चकित झाला. आम्हांला त्यात नवल वाटले नाही. तो आवाज आम्ही ओसरीवर ऐकला होता.

कालांतराने या शहराच्या पश्चिमेस वाळूजची औद्योगिक वसाहत उभी राहिली, आणि २००३ साली वोक्हार्ट कंपनीने येथे तयार केलेले मानवी इन्शुलिन बाजारात आणले. बैला-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढण्याऐवजी ते यीस्टच्या पेशींकडून घडवलेले असते. ज्या गावात माझ्या वडिलांची कुपी माठाच्या तळाशी जपली जाई, त्या गावातून आता कुप्या भरून बाहेर जातात. मला स्वतःला सुई लागली ती त्यानंतर काही वर्षांनी. उजव्या डोळ्यावर दोनदा लेसर झाले आहे. वैद्यांनी सांगितलेले चालणे मी लेण्यांच्या पायऱ्यांवर पुरे करतो, आणि दम लागला की सातव्या लेण्यात बसून त्या सहाजणींपैकी एकीचे रेखाटन करतो. हात बऱ्यापैकी चालतो. दगडाची कड मात्र अलीकडे दुहेरी दिसते, म्हणून तिच्या बासरीला माझ्या वहीत दोन रेघा येतात. त्यांतली खोटी कोणती हे मला समजते, पण मी ती खोडत नाही.

साखर मोजायचे माझे यंत्र बोटातून थेंब घेऊन पाच सेकंदांत आकडा सांगते. त्यात रंग नाही. म्हणून मधूनमधून वडिलांच्या वह्या काढून पाहतो. त्या सगळ्यांत चौकोन आणि उर्दू आकडे यांखेरीज काही नाही. सणवार नाहीत, बदल्या नाहीत, माझ्या धाकट्या बहिणीचा जन्मसुद्धा नाही. फक्त १९५६ च्या वहीत, ७ डिसेंबरच्या चौकोनाशेजारी, मराठीत, शिसपेन्सिलीने दोन शब्द लिहिले आहेत: ‘साहेब गेले’. चौकोन नेहमीच्याच काळजीने, कडेपर्यंत भरलेला आहे. त्या दिवशीचा रंग हिरवा आहे.