घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन विज्ञान वर्ग: फी भरण्याआधी काय काय तपासावं?

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलांचं भाषा, इतिहास, गणित कसंही निभावतं. पालकांना खरा घोर लागतो तो नववीपासून पुढच्या विज्ञानाचा. आई-बाबांना भौतिकशास्त्र झेपत नाही, घरात प्रयोगशाळा नाही, मग ऑनलाइन वर्गाचा शोध सुरू होतो. जाहिराती भरपूर, फी दहा-वीस हजारांच्या पुढे, आणि बरेचदा वर्ग चांगला असूनही मुलाच्या परीक्षेला उपयोगी नाही असं मागाहून कळतं. बेळगाव असो, इंदूर, बडोदा की हैदराबाद, मराठी घरांपुढे त्यात भाषेचा प्रश्नही येतो. म्हणून निवड करताना कोणत्या क्रमाने जावं, ते इथे दिलं आहे.

आधी परीक्षा, मग वर्ग

ऑनलाइन वर्गाचं प्रमाणपत्र म्हणजे दहावी-बारावी नव्हे. मूल कोणत्या मंडळाची परीक्षा देणार हे आधी ठरवावं, कारण अभ्यासक्रम, गुणांची विभागणी आणि प्रात्यक्षिक हे सगळं त्यावरच ठरतं.

घरी शिकणाऱ्या मुलांचा सर्वांत रुळलेला मार्ग म्हणजे केंद्र सरकारची राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, म्हणजेच एनआयओएस. १९८९ साली स्थापन झालेलं हे मंडळ देशभर चालतं, त्यामुळे राज्य बदललं तरी अडत नाही. दहावीसाठी वयाची १४ वर्षं आणि बारावीसाठी १५ वर्षं पूर्ण लागतात. किमान पाच विषय घ्यायचे. सार्वजनिक परीक्षा वर्षातून दोनदा होते, साधारण एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. नोंदणी पाच वर्षं चालते, म्हणून एकेक विषय सोडवत गेलं तरी चालतं. दहावीला विज्ञान व तंत्रज्ञानाचा क्रमांक २१२. बारावीला भौतिकशास्त्र ३१२, रसायनशास्त्र ३१३, जीवशास्त्र ३१४. वर्गवाल्यांना हे क्रमांक सांगून 'याच अभ्यासक्रमाने शिकवता का?' असं सरळ विचारावं. 'सगळी बोर्डं सारखीच' असं उत्तर आलं, तर पुढे जाताना जपून.

तेलंगणाचं मुक्त शाळा मंडळ हैदराबादेत आणि मध्य प्रदेशचं भोपाळला आहे. त्यांचे नियम वेगळे, त्यामुळे त्यांची माहिती त्यांच्याकडूनच घ्यावी.

काही पालक केंब्रिजच्या आयजीसीएसईकडे वळतात. तिथे खासगी विद्यार्थ्याला 'प्रात्यक्षिकाऐवजी लेखी पेपर' हा पर्याय असतो, त्यामुळे प्रयोगशाळेशिवाय निभावतं. पण पुढे ए-लेव्हलला भौतिक, रसायन किंवा जीवशास्त्र घेतलं, की प्रयोगशाळेतली परीक्षा टळत नाही. आयजीसीएसईची फी भरण्याआधीच पुढचं परीक्षाकेंद्र कुठे मिळेल ते बघून ठेवावं.

खरी अडचण प्रात्यक्षिकाची

एनआयओएसच्या विज्ञान विषयांत लेखी ८० आणि प्रात्यक्षिक २० गुणांचं असतं. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखीत ७० मिळवलेलं मूल प्रात्यक्षिकाला गेलंच नाही, तर विषय राहिला म्हणूनच समजा. आणि ऑनलाइन वर्गात नेमकं हेच सुटतं.

प्रात्यक्षिकाची परीक्षा नेमून दिलेल्या केंद्रावर प्रत्यक्ष होते. तिथे व्हर्निअर कॅलिपर हातात घेऊन वाचन करावं लागतं, ब्युरेट धरावी लागते, कांद्याच्या पापुद्र्याची स्लाइड करावी लागते, जर्नल दाखवावं लागतं आणि तोंडी प्रश्नही असतात. त्यासाठी तीन थरांत तयारी करावी:

• घरी: व्हर्निअर आणि स्क्रू गेज विकत मिळतात. दोरी आणि दगडाचा लंबक केला, तर एक मीटर लांबीला एका आंदोलनास सुमारे दोन सेकंद लागतात हे मूल स्वतः मोजू शकतं. हळद किंवा लाल कोबीचा रस हा दर्शक म्हणून चालतो. फोल्डस्कोप हा कागदी सूक्ष्मदर्शक पेशी दाखवायला पुरतो. तीव्र आम्लं मात्र घरी आणू नयेत.

• पडद्यावर: अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक यांच्या 'ओलॅब्स'वर शालेय प्रयोग करून बघता येतात. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' या संचातले बरेच प्रयोग मराठीतही आहेत. दोन्ही मोफत. पुण्याच्या अरविंद गुप्ता यांची विज्ञान खेळणीही मोफत बघता येतात.

• प्रयोगशाळेत: एनआयओएसच्या अभ्यासकेंद्रावर संपर्कवर्ग असतात. प्रवेश घेतानाच तिथे प्रयोगशाळा चालू आहे का, हे स्वतः जाऊन बघावं. नसेल, तर जवळच्या ज्युनियर किंवा पीयू कॉलेजात सुट्टीत आठ-दहा दिवस प्रयोग करू देतील का, ते विचारावं.

यातला तिसरा थर सांभाळायला ऑनलाइन वर्ग काही मदत करतो का, हा प्रश्न डेमोच्या वेळीच विचारायचा.

भाषा: मराठी, हिंदी की इंग्रजी?

एनआयओएसची दहावी मराठी माध्यमातून देता येते. बारावीच्या विज्ञानाचे ऑनलाइन वर्ग मात्र बहुतेक इंग्रजी किंवा हिंदीतच मिळतात. इंदूर-ग्वाल्हेरकडची मुलं हिंदी वर्ग सहज घेतात, पण पुस्तक मराठी असेल तर शब्द दगा देतात. मराठीत 'पेशी' म्हणजे सजीवाचा मूलभूत घटक. हिंदीत त्याला 'कोशिका' म्हणतात आणि 'पेशी' म्हणजे मराठीतला स्नायू. त्याहून गंमत म्हणजे हिंदी पुस्तकातला 'स्नायु' हा मराठीतला अस्थिबंध. मराठीतला विद्युत 'प्रभार' हिंदीत 'आवेश' होतो. उत्तर येत असूनही मूल चुकीचं लिहून येतं, ते असं.

उपाय सोपा आहे. वहीत तीन रकाने करून मराठी, वर्गाची भाषा आणि इंग्रजी असे शब्द पहिल्या दिवसापासून लिहीत जायचे. बालभारतीची विज्ञानाची पुस्तकं ऑनलाइन मोफत उतरवता येतात, ती कल्पना समजायला हाताशी ठेवावीत. पुढे विज्ञानच घ्यायचं पक्कं असेल, तर नववी-दहावीतच इंग्रजी संज्ञांची सवय लावलेली बरी.

नीट आणि जेईईचा विचार असेल तर सीमाभागातल्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. या दोन्ही परीक्षा मराठीतून देता येतात, पण मराठी प्रश्नपत्रिका महाराष्ट्रातल्या केंद्रांवर मिळते. बेळगावचं केंद्र घेतलं तर कन्नड, बडोद्याचं घेतलं तर गुजराती, हैदराबादचं घेतलं तर तेलुगू. इंग्रजी, हिंदी आणि उर्दू सगळीकडे. मराठीतूनच पेपर हवा असेल, तर अर्ज भरताना केंद्र कोल्हापूर, नाशिक, सोलापूर असं निवडावं लागेल. त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचूनच अर्ज भरावा. जेईईला एनआयओएसची पाच विषयांची बारावी चालते. मुक्त शाळेतून नीट देता येते का, हा बरीच वर्षं चाललेला वाद २०२४ मध्ये विद्यार्थ्यांच्या बाजूने मिटला.

वर्ग पारखताना

१. आधी फुकटचं बघा. केंद्र सरकारच्या 'स्वयम'वर एनआयओएसचे अभ्यासक्रम मोफत आहेत, आणि डीडी फ्री डिशवर स्वयंप्रभा वाहिन्या. महिनाभर त्यावर अभ्यास करून मूल कुठे अडतं ते कळलं, की पैसे नेमके कशाला द्यायचे ते ठरतं.

२. थेट वर्ग की रेकॉर्ड केलेला? स्वतःहून बसणाऱ्या मुलाला रेकॉर्डिंग पुरतं. शंका विचारायला कचरणाऱ्या मुलाला पंधरा-वीस जणांचा थेट वर्ग बरा. शेकडो मुलांचा 'लाइव्ह' वर्ग म्हणजे व्यवहारात रेकॉर्डिंगच.

३. डेमोला जो शिकवतो तोच वर्षभर शिकवणार का? हे लेखी घ्या.

४. उत्तरपत्रिका कोण तपासतं? निव्वळ पर्यायी प्रश्नांची चाचणी घेणारा वर्ग मंडळाच्या लेखी परीक्षेला अपुरा. आकृती, व्युत्पत्ती, गणितं हाताने लिहून तपासून मिळायला हवीत. एनआयओएसच्या गृहपाठाला, म्हणजे टीएमएला, २० टक्के भार असतो. तो मुलाने स्वतः करायचा आहे.

५. गावातलं नेट आणि वीज. संध्याकाळी सातला नेट पडत असेल, तर सातचा थेट वर्ग घेऊन उपयोग नाही. रेकॉर्डिंग मागून उतरवता येतं का, ते विचारा.

पैशाचा व्यवहार

वर्षाची फी एकदम भरण्यापेक्षा महिन्याची किंवा एका विषयाची भरावी. 'हप्ते' म्हणून जे सांगतात ते अनेकदा पालकाच्या नावावरचं कर्ज असतं. वर्ग सोडला तरी ते फेडावं लागतं. शिक्षण मंत्रालयाने डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना खात्यातून आपोआप पैसे वळते करण्याच्या परवानगीबद्दल सावध केलं आहे. परताव्याची अट लेखी घ्यावी, पावत्या जपाव्यात. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार पालक आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगातही तक्रार करू शकतो. कंपनी बंगळूरची की नोएडाची, याने फरक पडत नाही.

थोडक्यात क्रम असा: मंडळ ठरवा, प्रात्यक्षिकाची जागा शोधा, भाषा पक्की करा, महिनाभर मोफत साधनांवर चालवून बघा, आणि मगच वर्गाची फी भरा. अभ्यासकेंद्र लांब असेल, तर प्रयोगांसाठीच्या प्रवासाचा खर्च फीच्या हिशेबात आधीच धरावा.