ऑनलाइन मालमत्ता कर : 'भरा' बटणामागे काय घडते?

डोंबिवलीतला एक घरमालक मोबाइलवर महापालिकेचा मालमत्ता कर भरतो आहे. बिल दिसते, तो 'भरा' हे बटण दाबतो, चक्र फिरत राहते आणि शेवटी 'काहीतरी चुकले' असे येते. तेवढ्यात बँकेचा एसएमएस येतो: पैसे वजा झाले. आता पुन्हा भरायचे की थांबायचे?

समोर दिसते ते फ्रंट-एंड. हल्ली ते बहुधा अँग्युलर, रिॲक्ट किंवा व्ह्यू वापरून लिहितात. बिल काढणे, थकबाकी मोजणे, पावती फाडणे ही खरी कामे मात्र दूरच्या सर्व्हरवरच्या सेवा करतात. त्यांना बॅकएंड म्हणतात.

कल्याण-डोंबिवलीकरांना ही विभागणी नवी नाही. संगणकीकृत नागरी सुविधा केंद्रे सुरू करण्यात ही महापालिका राज्यात पुढे होती आणि तिचा नमुना नंतर इतर शहरांत नेला गेला. केंद्राच्या खिडकीवरचा कर्मचारी अर्ज घेतो, पण कर किती हे तो ठरवत नाही. फ्रंट-एंडचेही तसेच.

तसे का, हे शास्तीवरून कळते. महापालिका थकीत मालमत्ता करावर दरमहा २ टक्के शास्ती लावतात. हा हिशेब ब्राउझरमध्ये करून अंतिम रक्कम तिथूनच पाठवली, तर थोडेफार जाणणारा कोणीही ती रक्कम बदलून पाठवू शकेल. म्हणून पडद्याने फक्त मालमत्ता क्रमांक पाठवावा आणि रक्कम सर्व्हरने काढावी. पडद्यावरची बेरीज ही केवळ ग्राहकाच्या माहितीसाठी.

विनंती एचटीटीपीने जाते आणि उत्तर बहुधा जेसन या साध्या मजकुरी स्वरूपात येते. बिल पाहण्यासाठी 'गेट' विनंती असते. ती दहा वेळा गेली तरी काही बिघडत नाही. पैसे भरण्यासाठी 'पोस्ट' असते, आणि ती दोनदा गेली तर दोनदा वसुली होऊ शकते.

इथे अँग्युलरची एक खोच नवशिक्यांना हमखास फसवते. त्याच्या एचटीटीपीक्लायंटला नुसते 'पोस्ट' सांगितल्याने काहीच जात नाही. त्या उत्तराला 'सबस्क्राइब' केले की मगच विनंती निघते. एकाच विनंतीला कोडमध्ये दोन ठिकाणी सबस्क्राइब केले, तर ती दोनदा निघते. बटण एकदाच दाबलेले असते, तरी!

दुसरी अडचण उत्तर हरवण्याची. गर्दीच्या लोकलमध्ये नेटवर्क गेले, तर विनंती पोचलीच नाही की काम होऊन फक्त उत्तर अडकले, हे पडद्याला कळायला मार्ग नसतो. दोन्ही वेळा त्याला शांतताच ऐकू येते. अशा वेळी 'व्यवहार अयशस्वी' असे लिहिणे चूकच. 'स्थिती तपासत आहोत' असे लिहून सर्व्हरला पुन्हा विचारणे योग्य.

यावर जुना, खात्रीचा उपाय आहे. प्रत्येक भरण्याला फ्रंट-एंड सुरुवातीलाच एक वेगळा क्रमांक देते. पुन्हा प्रयत्न झाला तर तोच क्रमांक जातो. सर्व्हर तो ओळखतो आणि नवी वसुली न करता आधीचीच पावती परत देतो. नुसते बटण निष्क्रिय करून भागत नाही, कारण माणूस पान रिफ्रेश करतोच.

राहिला तो डोंबिवलीतला घरमालक. त्याने लगेच दुसऱ्यांदा भरू नये. आधी थकबाकीचे पान नव्याने उघडून पाहावे आणि बँकेच्या नोंदीतला संदर्भ क्रमांक जपून ठेवावा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, यूपीआयने किंवा कार्डाने ऑनलाइन भरलेले पैसे खात्यातून गेले पण घेणाऱ्याकडे खात्री पोचली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर ५ दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यानंतर उशिराच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते, आणि ती ग्राहकाने तक्रार न करताही खात्यात जमा व्हायला हवी.