फुटलेल्या भांड्याचे मोल

घरकाम करणाऱ्या बाईच्या हातून काचेचे भांडे निसटते, मिक्सरची मोटर जळते, इस्त्रीखाली साडीचा पदर करपतो. वस्तू मालकिणीची, हात मोलकरणीचे आणि काम मालकिणीनेच सांगितलेले. मग नुकसान कोणी सोसावयाचे? प्रश्न स्वयंपाकघरातला वाटतो खरा. परंतु तो न्यायविचाराइतकाच पुरातन आहे.

पवित्र शास्त्रातील निर्गम या पुस्तकाच्या २२ व्या अध्यायात दुसऱ्याची वस्तू हाती असता तिची हानी झाल्यास काय करावे, याचे नियम आहेत. सांभाळावयास दिलेले जनावर कोणी पाहत नसता मेले किंवा जायबंदी झाले, तर राखणाऱ्याने परमेश्वरासमक्ष शपथ घ्यावी. धन्याने ती मान्य करावी आणि भरपाई मागू नये. ते चोरीस गेले, तर मात्र राखणाऱ्याने भरून द्यावे. मागून नेलेल्या जनावराविषयीचा नियम अधिक सूक्ष्म आहे. धनी जवळ नसता त्यास इजा झाली, तर नेणाऱ्याने भरपाई द्यावी. धनी जवळ असेल, तर देऊ नये. हे नियम गुराढोरांचे आहेत, भांड्यांचे नव्हेत. तरीही त्यांतील दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. ज्याच्या हाती वस्तू होती, त्याच्या शब्दाला येथे किंमत आहे. आणि धनी स्वतः हजर असता सारा भार दुसऱ्यावर टाकता येत नाही.

आपल्या देशातील धर्मशास्त्रकारांनीही हा विचार केला होता. नारदस्मृतीत ‘वेतनस्यानपाकर्म’ नावाचे वेतनविषयक प्रकरण आहे. कामासाठी सोपविलेली साधने सेवकाने आपलीच मानून जपावीत, त्यांत कपट करू नये, असे ते सांगते. माल वाहणाऱ्याच्या दोषाने माल नष्ट झाला, तर त्याने तो भरून द्यावा. दैवाने किंवा राजामुळे नष्ट झाला, तर नाही. दोष आणि दुर्दैव यांतील भेद येथे स्पष्ट केला आहे. याच स्मृतीत वापरलेल्या वस्त्राचे मोल ठरविण्याचीही रीत आहे. एकदा धुतलेल्या वस्त्राची किंमत अष्टमांशाने घटते, दोनदा धुतल्यास चतुर्थांशाने, तीनदा धुतल्यास तृतीयांशाने आणि चारदा धुतल्यास निम्म्याने. दहा वर्षे वापरलेल्या मिक्सरसाठी नव्याची किंमत मागणाऱ्याने हा हिशेब अवश्य पाहावा.

परंतु नियम कितीही सूक्ष्म असला, तरी गरिबाच्या दारात तो अपुरा पडतो. बाबिलोनी तालमूदमधील एक कथा हेच सांगते. एका विद्वानाचे द्राक्षारसाचे पिंप हमालांच्या हातून फुटले. त्याने भरपाईपोटी त्यांची वस्त्रे काढून घेतली. हमाल तिसऱ्या शतकातील थोर रब्बी रव यांच्याकडे गेले. रव यांनी वस्त्रे परत करण्यास सांगितले. ‘हा कायदा आहे काय?’ असे विद्वानाने विचारले. रव यांनी होकार दिला आणि सज्जनांच्या मार्गाने चालण्यास सांगणाऱ्या नीतिसूत्रातील वचनाचा आधार दिला. मग हमाल म्हणाले, आम्ही गरीब आहोत, दिवसभर राबलो, भुकेले आहोत आणि हाती काहीच नाही. तेव्हा रव यांनी त्यांची मजुरीही द्यावयास लावली, आणि हाही कायदाच, असे बजाविले.

आधुनिक कायदा या ठिकाणी पोहोचण्यास शतके लागली, आणि पोहोचला तोही कारखान्यापर्यंतच. मजुरी मालाऐवजी रोख पैशांत मिळावी, यासाठी इंग्लंडमध्ये १८३१ साली ‘ट्रक ॲक्ट’ झाला; परंतु घरगुती नोकरांना त्यातून स्पष्टपणे वगळले गेले. १८९६ च्या कायद्याने नुकसानीपोटी होणाऱ्या कपातीवर मर्यादा घातली: कपात वाजवी असावी आणि प्रत्यक्ष वा अंदाजित नुकसानीहून अधिक नसावी. घरचा नोकर याही छत्राबाहेरच राहिला. भारतात १९३६ च्या वेतन प्रदान अधिनियमाने म्हटले की, खास ताब्यात दिलेल्या मालाची हानी कामगाराच्या प्रत्यक्ष हयगयीमुळे झाली असेल, तरच कपात करता येईल. तीही नुकसानीच्या रकमेपुरती, आणि त्याचे म्हणणे मांडण्याची संधी त्याला दिल्यावर. हा कायदा कारखाने व रेल्वे यांतील कामगारांपासून सुरू झाला. स्वयंपाकघराचा उंबरठा त्याने ओलांडला नाही.

घरात तर या संरक्षणाची गरज अधिक होती. तेथे फिर्यादी, साक्षीदार, न्यायाधीश आणि वसुली करणारा ही सारी एकच व्यक्ती असते. पगार तिच्याच हाती असतो आणि कामावरून काढण्याचा अधिकारही तिचाच. अशा वेळी मोलकरणीने दिलेल्या ‘संमती’ला फारसा अर्थ उरत नाही.

पोप लिओ तेरावे यांनी १८९१ च्या ‘रेरूम नोवारूम’ या परिपत्रकात, बळाने, कपटाने किंवा व्याजखोरीने मजुराची मिळकत कापू नये, असे धनिकांना बजाविले होते. पुढे पुण्यात १९८० साली मोलकरणींनी संप केला आणि त्यांची संघटना उभी राहिली. बेल्जियमहून आलेल्या धर्मभगिनी जीन देवोस यांनी १९८५ साली घरकामगारांची राष्ट्रीय चळवळ सुरू केली. महाराष्ट्राने २००८ साली घरकामगार कल्याण मंडळाचा कायदा केला. मात्र त्याचा भर नोंदणी व साहाय्यावर होता. २०११ साली जिनिव्हा येथे आंतरराष्ट्रीय श्रम परिषदेने घरकामगारांविषयीचा १८९ क्रमांकाचा करार स्वीकारला. त्यासोबतच्या शिफारशीत म्हटले आहे की, पगार देताना कपातीची रक्कम व कारण सहज समजेल अशा रीतीने लिहून द्यावे.

या साऱ्या इतिहासातून निघणारा निष्कर्ष कठीण नाही. वस्तू झिजते, वीज कमी-जास्त होते, साबणाचा हात निसटतो. हा घर चालविण्याचा खर्च आहे आणि तो घराने सोसावा. जाणूनबुजून केलेली हानी किंवा उघड बेफिकिरी वेगळी. तेथेही आधी तिचे म्हणणे ऐकावे, वस्तूची जुनी किंमत धरावी आणि रोजच्या भाकरीला हात लावू नये. आपल्या मुलाच्या हातून पेला फुटला, तर आपण प्रथम त्याचा हात कापला का ते पाहतो. तोच प्रश्न मोलकरणीलाही आधी विचारला, तर भरपाईचा हिशेब आपोआप लहान होईल.